गिटार बदलताना

गेल्या पावसाळ्यातली गोष्ट. रात्री साडेनऊच्या सुमाराला भाचा घरी आला. डोक्यावर छत्री नव्हती, पण पाठीवरच्या गिटारच्या खोक्याला मात्र प्लॅस्टिकचा कागद नीट गुंडाळलेला. पोरगा चिंब भिजला होता आणि गिटार कोरडी ठणठणीत. टॉवेलनं डोकं पुसलं, चहा घेतला आणि म्हणाला, "मामू, एक सल्ला पाहिजे होता. ही गिटार देऊन दुसऱ्या घाटाची घ्यावी म्हणतो. घेऊ का?"

आम्ही घरात दखनी बोलतो, इथं त्याचं बोलणं मराठीत सांगतोय. पण प्रश्न कुठल्याही भाषेत अवघडच होता. कारण ती गिटार त्याच्या वडिलांनी, म्हणजे आमच्या दूल्हेभाईंनी घेऊन दिलेली. दूल्हेभाई एसटीत मेकॅनिक होते. निवृत्त झाल्यावर फंडाचे पैसे हातात आले, तेव्हा आपानं गच्चीवर पत्रे घालायचे म्हणून ठेवलेल्या रकमेतून त्यांनी पुण्याला जाऊन पोरासाठी ही इलेक्ट्रिक गिटार आणली. सोबत काळं कडक खोकं. त्या खोक्यावर गाडीवर आगाराचं नाव घालतात तशा ठसठशीत पिवळ्या अक्षरांत पोराचं नाव त्यांनी स्वतः रंगवलं. त्यानंतर दोन वर्षांत ते गेले. गच्चीवर पत्रे अजून पडलेले नाहीत.

"आईला विचारलंस?" मी म्हटलं.

"तुम्हाला आधी विचारतोय."

आता मी काय सांगणार? मी कविता लिहिणारा माणूस. बीए झालो तो इतिहास घेऊन. त्यामुळे कुणी सल्ला मागितला की इतिहास सांगत बसायची खोड लागली आहे. शिवाय राहतो मिरजेत. आमच्या गावात वाद्य ही दुकानातून आणायची वस्तू नसते, शेजारच्या गल्लीत ती जन्माला येते. भोपळा वाळत पडलेला, तुनीच्या लाकडाचा भुसा, लाखेचा वास, हे बघतच आम्ही मोठे झालो. मिरजेचे हे कारागीर मूळचे शिकलगार. तलवारी, भाले यांना धार लावणारे, हत्यारं घडवणारे. संस्थानी फौजांचे दिवस सरले, हत्यारांना गिऱ्हाईक उरलं नाही, तेव्हा एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर फरीदसाहेबांसारख्या माणसांनी तंबोरा आणि सतार करायला घेतली. आज मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन आहे. २०२४ मध्ये ते मिळालं, तेव्हा गल्लीत पेढे वाटले. पोलादाला धार लावणारा हात त्याच पोलादाच्या तारेला जव्हार लावू लागला. एक घाट सोडून दुसरा घेणं आमच्या गावाला नवं नाही. पण हे मला त्या रात्री सुचलं नाही. त्या रात्री मी त्याला थांबवण्याच्याच विचारात होतो.

भाच्याकडे आहे ती 'लेस पॉल' घाटाची गिटार. अस्सल नव्हे, त्या नमुन्यावर बेतलेली. त्याला हवी होती ती 'स्ट्रॅटोकास्टर' घाटाची. इलेक्ट्रिक गिटारच्या दुनियेत ही दोन मोठी घराणी आहेत असं समजा. इतर पुष्कळ आहेत, पण वाद रंगतो तो या दोघींत.

त्यांची जन्मकथा गमतीची आहे. कॅलिफोर्नियात फुलर्टन नावाच्या गावी लिओ फेंडर या गृहस्थाचं रेडिओ दुरुस्तीचं दुकान होतं. १९३८ साली काढलेलं. रेडिओ, अँप्लिफायर, लाउडस्पीकर दुरुस्त करता करता तो विजेवर चालणाऱ्या गिटारींकडे वळला. मजा अशी, की या माणसाला स्वतःला गिटार वाजवता येत नव्हती. वादक यायचे, तक्रारी सांगायचे, आणि हा मेकॅनिकच्या डोक्यानं त्यावर तोड काढायचा. गिटारच्या पोकळ पोटामुळे मोठ्या आवाजात कर्कश शिट्ट्या येतात ना, मग पोटच नको! सरळ भरीव फळी घेतली. दांडी डिंकानं कशाला चिकटवायची? चार स्क्रू लावले. बिघडली तर काढून दुसरी बसवा. १९५० मध्ये त्यानं अशी भरीव गिटार बाजारात आणली. तीच पुढं 'टेलिकास्टर' म्हणून ओळखली गेली. १९५४ मध्ये आली 'स्ट्रॅटोकास्टर'. दोन शिंगांची, छातीला आणि कोपराला टोचू नये म्हणून कडा गोल केलेली, तीन पिकअपची. रेडिओवरून बोलताना हे सांगायला मला विशेष आनंद होतो, कारण जगातली एक गाजलेली गिटार शेवटी एका रेडिओ दुरुस्त करणाऱ्याची आहे.

दुसरं घराणं खानदानी. मिशिगनमधल्या कॅलमझू गावची गिब्सन कंपनी. १९०२ पासूनची, मेंडोलिन आणि पोकळ गिटारी करणारी, लाकडावर कोरीव काम करणाऱ्या सुतारांची परंपरा असलेली. रेडिओवाल्याच्या फळीला बाजार मिळतोय हे दिसल्यावर त्यांनाही हालचाल करावी लागली. लेस पॉल नावाचा त्या काळचा नामांकित वादक स्वतः भरीव गिटारचे प्रयोग करत होता. त्याचं नाव घेऊन १९५२ मध्ये 'लेस पॉल' बाजारात आली. महोगनीचं जाड अंग, वर मेपलचा घुमटासारखा फुगीर माथा, दांडी चिकटवलेली. वजनाला भारी, चार-साडेचार किलो सहज भरावी.

या दोघींच्या आवाजातला फरक समजायला फार विज्ञान लागत नाही. तारेखाली जो पिकअप असतो तो म्हणजे लोहचुंबक आणि त्याभोवती केसासारख्या तांब्याच्या तारेचे हजारो वेढे. वरची पोलादी तार थरथरली की वेढ्यांत बारीकशी वीज उमटते आणि तीच अँप्लिफायरमध्ये जाऊन मोठी होते. फेंडरच्या पिकअपमध्ये एकच वेटोळं. आवाज स्वच्छ, टोकदार, काचेसारखा. पण ते बिचारं शेजारच्या ट्यूबलाइटची आणि वायरिंगची घुंघुंही ऐकतं आणि ऐकवतं. गिब्सनचा इंजिनियर सेथ लव्हर यानं १९५५ मध्ये तोडगा काढला. दोन वेटोळी शेजारी ठेवली, पण अशी उलटसुलट, की बाहेरची घुंघुं एकमेकांत मिटून जावी आणि तारेचा आवाज मात्र दुप्पट व्हावा. आवाज जाड, भरदार, मधाळ झाला. १९५७ पासून हा पिकअप लेस पॉलवर बसू लागला.

आणखी एक फरक आहे, तो आमच्या मिरजकरांना लगेच कळेल. स्ट्रॅटोकास्टरची तार साडेपंचवीस इंचांची, लेस पॉलची पावणेपंचवीसच्या आसपास. जेमतेम पाऊण इंच. पण त्याच सुराला लांब तार जास्त ताणावी लागते. म्हणजे मींड घ्यायला बोटाला जास्त जोर लागतो. लेस पॉलवर तार लोण्यासारखी ओढता येते, स्ट्रॅटोकास्टर थोडा प्रतिकार करते. म्हणून गिटार बदलली की आवाज बदलण्याआधी बोटं बदलतात. पहिला महिनाभर जुन्या सवयीनं घेतलेली प्रत्येक मींड थोडी कमी पडते.

हे सगळं भाच्याला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक होतं, हे सांगायला नको. तो ऐकून घेत होता.

"मग कशाला बदलायचीय?" मी विचारलं.

त्याचं कारण साधं होतं. कॉलेजात असताना तो दणदणीत रॉक वाजवायचा, तेव्हा जाड आवाज हवाच होता. आता तो ज्या मुलांबरोबर वाजवतो ती मराठी गझल, भावगीतं, जुनी सिनेगीतं करतात. गाणारी मुलगी हळू आवाजात गाते. "मी एक सूर धरला की तिचा शब्द झाकतो मामू. आवाज कमी केला तर गिटार बोलतच नाही. मला मागं राहून वाजवायचंय." आणि खांदाही दुखतो म्हणाला. तीन तास उभं राहून साडेचार किलो.

मी कवी आहे. शब्द झाकला जातो म्हटल्यावर माझ्या बाजूचंच बोलला की तो! तरी मी हटलो नाही. म्हटलं, तुला गिब्सनच्या पश्चात्तापाची गोष्ट सांगतो.

१९५८ ते १९६० या तीन वर्षांत गिब्सननं लेस पॉल सूर्यास्ताच्या रंगात रंगवून विकायला काढली. कडेला गडद तांबूस, मध्यावर पिवळा. आज या गिटारींच्या किमती ऐकून माणसाला घेरी यावी. पण तेव्हा त्या खपेनात. तीन वर्षांत दीड हजाराच्या आसपास गेल्या असतील. लोकांना त्या जड आणि जुनाट वाटल्या. कंपनीनं १९६१ मध्ये तो घाटच मोडला आणि हलकी, चपटी, दोन टोकदार शिंगांची नवी गिटार त्याच नावानं काढली. खुद्द लेस पॉलला ती पसंत पडली नाही. पुढं त्याचं नावही तिच्यावरून गेलं आणि ती 'एसजी' झाली. झालं, विषय संपला असं कॅलमझूत सर्वांना वाटलं.

तिकडं इंग्लंडमध्ये एरिक क्लॅप्टन नावाचा वीस वर्षांचा मुलगा फ्रेडी किंग या कृष्णवर्णीय ब्लूज वादकाच्या तबकड्या ऐकत होता. एका तबकडीच्या वेष्टनावर फ्रेडी किंगच्या हातात सोनेरी लेस पॉल होती. क्लॅप्टननं १९६५ मध्ये तशी एक जुनी, टाकून दिलेल्या घाटातली गिटार मिळवली, मार्शलच्या अँप्लिफायरला जोडली आणि जॉन मेयॉलच्या ताफ्यात वाजवायला लागला. स्टुडिओत ध्वनिमुद्रण करतानाही त्यानं आवाज बारीक करायला नकार दिला. १९६६ मध्ये ती तबकडी बाजारात आली आणि इंग्लंडातल्या पोरांना कळलं, की हा आवाज आपल्याला हवा होता. जी गिटार कंपनीनं मोडीत काढली ती शोधत लोक फिरू लागले. शेवटी १९६८ मध्ये गिब्सनला जुना घाट पुन्हा सुरू करावा लागला. मधली सात वर्षं गेली ती गेलीच. आणि क्लॅप्टनची ती गिटार? १९६६ च्या उन्हाळ्यात चोरीला गेली, आजतागायत सापडली नाही.

"बघ," मी भाच्याला म्हटलं, "देऊन टाकलं की असं होतं."

तो हसला. म्हणाला, "मामू, पण त्याच क्लॅप्टननं पुढं गिटार बदलली, ते तुम्ही सांगितलं नाही."

पकडला गेलो. ती गोष्ट मलाही ठाऊक होती, मी मुद्दाम गाळली होती.

सप्टेंबर १९६६ मध्ये जिमी हेंड्रिक्स अमेरिकेतून लंडनला आला. डावखुरा, उजव्या हाताची स्ट्रॅटोकास्टर उलटी धरून वाजवायचा. १ ऑक्टोबरला रीजंट स्ट्रीटच्या पॉलिटेक्निकमध्ये क्लॅप्टनच्या 'क्रीम' या ताफ्याचा कार्यक्रम होता. हेंड्रिक्सनं त्यात एक गाणं वाजवण्याची परवानगी मागितली, आणि ते एक गाणं क्लॅप्टन जन्मभर विसरला नाही. लंडनच्या भिंतीवर ज्याला कुणीतरी 'देव' म्हणून लिहून ठेवलं होतं, त्या माणसाला दुसरा देव भेटला म्हणा. मे १९६७ मध्ये त्यानं लंडनच्या दुकानात दीडशे पौंडांना एक जुनी, १९५६ सालची तपकिरी स्ट्रॅटोकास्टर घेतली. पण गंमत बघा, घेतली आणि ठेवून दिली! 'क्रीम'मध्ये तो गिब्सनच वाजवत राहिला, चित्रं रंगवलेली एसजी आणि इतर. ताफा नोव्हेंबर १९६८ मध्ये मोडला. त्यानंतर हळूहळू तो त्या तपकिरी गिटारकडे वळला. म्हणजे पैसे मोजले १९६७ मध्ये आणि बदल झाला १९६९-७० मध्ये. इतिहासाच्या पुस्तकात खरेदीची तारीख लिहितात. हात कधी वळला त्याची तारीख कुठं सापडत नाही.

मधल्या काळातली एक देवघेव सांगायला हवी. १९६८ मध्ये क्लॅप्टननं आपल्याकडची एक लाल लेस पॉल बीटल्सच्या जॉर्ज हॅरिसनला भेट दिली. हॅरिसननं तिचं नाव 'लूसी' ठेवलं. काही दिवसांत बीटल्सच्या एका गाण्यात क्लॅप्टननं तीच गिटार हातात घेऊन वाजवली. १९७३ मध्ये ती हॅरिसनच्या घरातून चोरीला गेली आणि एका दुकानामार्फत मेक्सिकोच्या एका वादकाकडे पोचली. हॅरिसननं ती परत कशी मिळवली? अदलाबदल करून! एक १९५८ ची सूर्यास्तरंगी लेस पॉल आणि वर एक बास गिटार देऊन. आज त्या दोन गिटारींची किंमत काढायला बसलं तर सौदा कुणाला लाभला सांगता येणार नाही. हॅरिसनला त्याची फिकीर नव्हती, त्याला मित्राची गिटार हवी होती.

आता १९७० वर येतो, कारण सगळी गोष्ट तिथं गोळा होते. क्लॅप्टनचं मन हॅरिसनच्याच पत्नीवर, पॅटी बॉइडवर जडलं होतं. (गिटार दिली आणि काय मागितलं बघा!) त्याच सुमाराला इयान डॅलस नावाच्या एका मित्रानं, ज्यानं इस्लाम स्वीकारला होता, त्याला एक पुस्तक वाचायला दिलं. लैला-मजनूँ. बाराव्या शतकातला गंज्याचा फारसी कवी निज़ामी याचं काव्य, ११८८ साली पुरं झालेलं. माझ्या दादीला अक्षरओळख नव्हती, पण ही गोष्ट ती पावसाळ्यात चुलीपुढं बसून सांगायची आणि मजनूँ वाळवंटात हरणांशी बोलतो तिथं दर वेळी तिचा आवाज कापायचा. तीच गोष्ट इंग्लंडातल्या एका तरुणानं वाचली आणि आपल्या गाण्याला 'लैला' नाव दिलं. अमीर ख़ुसरोपासून आपल्या सिनेमावाल्यांपर्यंत किती जणांनी ही गोष्ट आपल्या वाद्यावर वाजवली असेल! त्यात ही एक भर.

ते गाणं मायामीच्या स्टुडिओत ध्वनिमुद्रित झालं. क्लॅप्टनच्या हातात ती तपकिरी स्ट्रॅटोकास्टर. आणि जोडीला अमेरिकेच्या दक्षिणेतला ड्युएन ऑलमन, बोटात काचेची नळी घालून तारांवर घसरवत वाजवणारा. त्याच्या हातात १९५७ ची सोनेरी लेस पॉल. म्हणजे ज्या दोन घराण्यांतली कुठली घ्यायची म्हणून आमचा भाचा तळमळत होता, ती दोन्ही त्या एका गाण्यात शेजारी बसून वाजताहेत. कान देऊन ऐकलं तर वेगळी काढता येतात. पण वेगळी काढायची कशाला, असंही वाटतं.

या ड्युएनची गोष्ट माझ्या भाच्यानं मला सांगितली. 'लैला'चं काम चालू असतानाच तो आपल्या ताफ्याबरोबर फ्लोरिडातल्या डेटोना बीचला गेला होता. तिथल्या एका स्थानिक वादकाकडे त्याला चेरीच्या रंगाची, सूर्यास्ती झाक असलेली लेस पॉल दिसली. जीव अडकला. १६ सप्टेंबर १९७० रोजी त्यानं सौदा केला. आपली सोनेरी गिटार, वर दोनशे डॉलर आणि मार्शलचा एक अँप्लिफायर दिला आणि नवी घेतली. पण देण्याआधी त्यानं एक अट घातली. सोनेरी गिटारचे पिकअप काढून नव्या गिटारमध्ये बसवायचे आणि नव्याचे सोनेरीत. तसं करून घेतलं आणि मगच ती हातावेगळी केली.

"अंग दिलं मामू, आवाज काढून घेतला," भाचा म्हणाला.

यावर मला काही बोलता आलं नाही. सगळा आवाज काही पिकअपमध्ये नसतो. लाकूड, तारा, बोटं, अँप्लिफायर यांचाही त्यात वाटा असतो, हे त्यालाही माहीत. पण ड्युएनला त्या दिवशी जे सोडवत नव्हतं ते त्यानं हातात पान्हे घेऊन काढून घेतलं, एवढं खरं. त्यानंतर जेमतेम वर्षभरानं, २९ ऑक्टोबर १९७१ ला, मोटारसायकलच्या अपघातात तो गेला. वय चोवीस. दिलेली सोनेरी गिटार हातोहात फिरत राहिली आणि २०१९ मध्ये लिलावात साडेबारा लाख डॉलरना गेली.

ड्युएनच्या सौद्यानंतर दोनच दिवसांनी, १८ सप्टेंबर १९७० ला, लंडनमध्ये हेंड्रिक्स गेला. क्लॅप्टननं त्याच्यासाठी डाव्या हाताची पांढरी स्ट्रॅटोकास्टर विकत घेऊन ठेवली होती. उलटी धरायला लागू नये म्हणून. आदल्या संध्याकाळी नाटकघरात भेटून ती द्यायची होती, पण दोघांची चुकामूक झाली आणि गिटार क्लॅप्टनपाशीच राहिली. इलेक्ट्रिक गिटारच्या इतिहासात मला सर्वांत जास्त छळतो तो हा प्रसंग. कुठलीही तार न वाजता संपलेला.

पुढचं थोडक्यात. १९७० मध्येच क्लॅप्टनला अमेरिकेत नॅशव्हिलच्या एका दुकानात जुन्या स्ट्रॅटोकास्टर अगदी स्वस्तात मिळाल्या. त्या वेळी त्यांची चलती नव्हती. त्यानं सहा घेतल्या. तीन वाटल्या; एक हॅरिसनला, एक पीट टाउनशेंडला, एक स्टीव्ह विनवूडला. उरलेल्या तिघींची दांडी एकीची, अंग एकीचं, पिकअप तिसरीचे असं जुळवून एक काळी गिटार तयार केली. लिओ फेंडरच्या चार स्क्रूंची ही करामत. १३ जानेवारी १९७३ च्या लंडनच्या कार्यक्रमात ती प्रथम वाजली आणि १९८५ पर्यंत तिनं त्याची सोबत केली. २००४ मध्ये त्याच्या व्यसनमुक्ती केंद्राच्या मदतीसाठी ती विकली, तेव्हा ९,५९,५०० डॉलर आले. तपकिरी गिटार आधीच, १९९९ मध्ये, त्याच कामासाठी गेली होती.

भाचा रात्री बाराला गेला. मी मात्र जागाच. मला माझी बदली आठवत होती. १९९३ साली मी अब्बांची बाजाची पेटी देऊन जुना मराठी टाइपरायटर घेतला. अब्बा त्या पेटीवर उरसात कव्वालीच्या साथीला बसत. ते गेल्यावर ती कपाटावर पडून होती, मला वाजवता येत नव्हती, आणि मला कविता टाइप करून अंकांना पाठवायच्या होत्या. व्यवहार म्हणून चूक म्हणता येणार नाही. माझी पहिली तीस-चाळीस मराठी कवितांची बाडं त्याच यंत्रावर झाली. पण अम्मी त्या दिवशी काही बोलली नाही, आणि पुढंही कधी बोलली नाही. दहाएक वर्षांनी मी ती पेटी शोधायचा प्रयत्न केला. दुकानदारानं ती कुठल्याशा भजनी मंडळाला विकली होती. गाव त्याला आठवत नव्हतं. अजूनही खेड्यात भजन चालू असलं की मी पेटीच्या भात्याकडे बघतो. अब्बांच्या पेटीच्या भात्याला हिरव्या कापडाचं ठिगळ होतं.

दुसऱ्या दिवशी मी भाच्याला फोन केला आणि म्हटलं, माझा सल्ला बाजूला ठेव, आईशी बोल. एवढं सांगायला मला एक रात्र आणि साठ-सत्तर वर्षांचा इतिहास लागला.

तो आपाशी काय बोलला ते मला ठाऊक नाही. आठ दिवसांनी कोयना एक्स्प्रेसनं तो पुण्याला गेला. दुकानात दोन तास बसून सात-आठ गिटारी वाजवून बघितल्या म्हणे. जुनीचे पिकअप काढून नवीत बसवता येतील का, असंही त्यानं विचारलं. दुकानदार हसला. दोन वेटोळ्यांचा रुंद पिकअप स्ट्रॅटोकास्टरच्या खाचेत मावत नाही, लाकूड आणि वरची पट्टी कापावी लागते. ड्युएनच्या दोन्ही गिटारी एकाच घाटाच्या होत्या, म्हणून त्याचं जमलं. भाच्यानं लाकूड कापायला नको म्हटलं.

सौदा झाला. दुकानदाराला जुन्या गिटारबरोबर तिचं खोकंही हवं होतं. भाच्यानं दीड हजार कमी घेतले आणि खोकं ठेवून घेतलं. रात्रीच्या गाडीनं परतला तेव्हा एका हातात साध्या कापडी गवसणीतली नवी गिटार आणि दुसऱ्या हातात पिवळ्या अक्षरांचं रिकामं खोकं.

परवा त्यांचा कार्यक्रम सांगलीत झाला. मी शेवटच्या रांगेत बसलो होतो. गाणाऱ्या मुलीचा शब्द न् शब्द ऐकू येत होता. गिटार मागं बारीक चमकत होती, मधल्या शांततेत घुंघुं करत होती. दोनदा त्याची मींड सुरापर्यंत पोचली नाही. माझ्या शेजारी आपा बसली होती. तिला त्यातलं काय कळलं कोण जाणे, पण दोन्ही वेळा तिनं माझ्याकडे पाहिलं.

नवी गिटार त्या खोक्यात बसत नाही. आतल्या मखमलीचा खळगा जुनीच्या अंगाचा आहे. शिंगं आडवी येतात. भाचा म्हणाला होता, आतला फोम थोडा कापला की बसेल. आपानं कापू दिला नाही. सध्या त्यात वायरी, खांद्याचे पट्टे आणि तुटलेल्या तारांची भेंडोळी असतात, आणि खोकं आपाच्या पलंगाखाली आहे.